थेंब पडला पाहिजे

बोट बुडू नये म्हणून माणसाने काय काय केलं आहे. फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकला, त्यावर राळ आणि तेल थापलं, तळाला डांबर फासलं, तांब्याचे पत्रे मारले. सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी, पाणी बाहेर राहिलं पाहिजे. आणि मग १८३०च्या दशकात काही डोकेबाज लोकांनी बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या पातळीखाली, मुद्दाम एक भोक पाडलं.

त्या भोकातून एक लांब दांडा बाहेर काढायचा. आतलं टोक इंजिनाला जोडलेलं, बाहेरच्या टोकाला पंखा. दांडा म्हणजे शाफ्ट, पंखा म्हणजे प्रोपेलर. नुसतं भोक असतं तर बूच मारून मोकळे झालो असतो. पण इथे बुचाच्या मधोमध काही टन वजनाचं लोखंड दिवसरात्र गरगर फिरतंय, आणि बाहेरून समुद्र आत यायला टपलाय. प्रोपेलरचा शोध कोणी लावला, हा वाद लोक आजही हौसेने घालतात. त्या भोकाचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रोपेलरचं नशीब मात्र त्या भोकावरच अवलंबून होतं.

मला या भोकाचा नाद लागला तो बोटीमुळे नाही, विहिरीमुळे. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप होता. शाफ्ट जिथे पंपाच्या पोटात शिरतो, तिथून कायम पाणी ठिबकायचं. सातवीत असताना मला ते बघवेना. पाना घेतला आणि तिथले दोन नट होते नव्हते तेवढ्या जोराने आवळले. ठिबकणं थांबलं. मी खूश. दहा मिनिटांत जळका वास सुटला, धूर निघाला, मोटर हुंकारायला लागली. वडील धावत आले, स्विच पाडला, आणि पंप निवल्यावर टोपी सोडून आतून कोळसा झालेली दोरी बाहेर काढली. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "अरे, थेंब पडला पाहिजे."

ती दोरी म्हणजे ग्लँडची दोरी. हार्डवेअरच्या दुकानात आजही मिळते. काळी, ग्रॅफाइट लावलेली, चौकोनी विणीची. शाफ्टभोवती तिचे तीन-चार वेढे भरायचे, वरून पितळी टोपी बसवायची आणि टोपीचे नट आवळायचे. दोरी दबते, शाफ्टला चिकटते, पाणी अडतं. पण पूर्ण अडलं तर दोरी आणि शाफ्ट कोरडे घासतात आणि जळतात. म्हणून थोडं पाणी झिरपू द्यायचं. तेच पाणी दोरीला थंड ठेवतं. गळती हा बिघाड नाही, ती रचनेचा भाग आहे. बोटीच्या शाफ्टला पहिल्यांदा हीच व्यवस्था केली गेली. वाफेच्या इंजिनांत दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे ती आधीपासून वापरात होती, त्यामुळे कारागिरांच्या हाताला ती माहीत होती. दोरी तागाची किंवा अंबाडीची, चरबीत भिजवलेली, एवढाच फरक.

त्याआधीच्या आगबोटींना असलं काही लागतच नव्हतं. त्यांना दोन बाजूंना मोठी चाकं असत, पाणचक्कीसारखी. चाकांचा आस पाण्याच्या वरून बाहेर जायचा, त्यामुळे पाण्याखाली भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. मुंबईहून सुएझला गेलेली पहिली आगबोट 'ह्यू लिंडसे' याच जातीची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, मार्च १८३० मध्ये निघालेली. अशा बोटींची दुखणी वेगळी. भर समुद्रात बोट एका बाजूला कलली की एक चाक हवेत फिरतं आणि दुसरं पाण्यात रुततं. कोळसा जळतो तशी बोट हलकी होऊन वर उचलली जाते आणि चाकं पाण्याला पुरत नाहीत. लढाऊ जहाजाला तर हा प्रकार भलताच महाग. एवढं मोठं चाक उघड्यावर, शत्रूचा एक गोळा लागला की बोट लंगडी. शिवाय तोफा ठेवायची निम्मी जागा चाकांनीच खाल्लेली.

पंखा पाण्याखाली, मागे, दडवून ठेवता आला तर हे सगळं सुटणार होतं. १८३६ साली लंडनजवळच्या हेंडनमधल्या एका शेतकऱ्याने, फ्रान्सिस पेटिट स्मिथने, त्याचं पेटंट घेतलं. काही आठवड्यांतच जॉन एरिकसन या स्वीडिश इंजिनिअरनेही घेतलं. स्मिथचा पंखा म्हणजे लाकडाचा लांब स्क्रू, दोन पूर्ण आटे असलेला. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटला. बोट थांबायच्या ऐवजी वेगाने पळायला लागली. शोधांच्या इतिहासात इतका फायद्याचा अपघात विरळाच. पुढे 'आर्किमिडीज' नावाची मोठी बोट झाली. ती इसंबार्ड ब्रुनेलने बघितली आणि ब्रिस्टलला बांधकाम चालू असलेल्या आपल्या 'ग्रेट ब्रिटन'चा आराखडा बदलून चाकांच्या जागी पंखा घेतला. १८४३ साली ते लोखंडी जहाज पाण्यात उतरलं.

एप्रिल १८४५ मधली रस्सीखेच तर प्रसिद्धच आहे. ब्रिटिश नौदलाची पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना सोडल्या. रॅटलरने अलेक्टोला उलटं फरफटत नेलं, सुमारे अडीच नॉटच्या वेगाने. हा प्रसंग शाळेच्या नाटकासारखा रंगवून सांगितला जातो. खरं तर नौदलाने त्याआधीच पंख्याच्या जहाजांच्या ऑर्डरी दिल्या होत्या, आणि रॅटलरचं इंजिनही जास्त ताकदवान होतं. त्या दिवशी नवं काही ठरलं नाही. पण चित्र असं होतं की बघणारा विसरणार नाही.

पंखा जिंकला. आणि मग ताबडतोब हरायला लागला.

भोकात दोन गोष्टी असतात. एक ग्लँड, जी पाणी अडवते. दुसरी बेअरिंग, जी शाफ्टचं वजन पेलते. बोटीत शाफ्ट एका लांब नळीतून बाहेर जातो. त्या नळीच्या अगदी मागच्या टोकाला, पंख्याला लागून, सगळ्यात जास्त भार येतो, कारण तिथून पुढे पंखा अधांतरी लटकलेला असतो. त्या जागी सुरुवातीला पितळेचे बुश बसवत. जमिनीवरच्या यंत्रात पितळ उत्तम चालतं, कारण तिथे तेल घालता येतं. इथे तेल घालणार कुठे? घातलंच तर समुद्र धुऊन नेणार. खारं पाणी दोन धातूंना एकमेकांवर सरकवण्याच्या कामी फारसं उपयोगाचं नाही. त्यात तळाची वाळू घुसते. त्यात लोखंड आणि पितळ खाऱ्या पाण्यात शेजारी ठेवले की लोखंड आपोआप गंजून कुरतडलं जातं. आणि त्यात त्या काळचे दोन पात्यांचे पंखे एवढे हादरे द्यायचे की मागच्या खोलीत राहणारे अधिकारी बेजार.

बुश झिजला की शाफ्ट खाली बसतो आणि डगडगायला लागतो. शाफ्ट डगडगला की ग्लँडची दोरी एका बाजूला चिरडते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. म्हणजे गळती दिसते ग्लँडमध्ये, पण रोग असतो बुशमध्ये. ग्लँड कितीही आवळा, दोरी कितीही भरा. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

याची किंमत किती मोठी असू शकते हे डिसेंबर १८५५ मध्ये दिसलं. क्रिमियाचं युद्ध संपत आलं होतं. 'रॉयल अल्बर्ट' हे १२१ तोफांचं, सुमारे हजार माणसांचं ब्रिटिश जहाज काळ्या समुद्राच्या मोहिमेवरून परतत होतं. वर्षभरापूर्वीच, १८५४ मध्ये, खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत ते पाण्यात उतरवलं होतं. ग्रीक बेटांजवळ शाफ्टच्या भोकातून पाणी आत यायला लागलं आणि आवरेना. ना वादळ, ना खडक, ना शत्रूचा गोळा. कॅप्टन विल्यम मेंड्सने शेवटी ते झिया बेटावर किनाऱ्याला लावलं, म्हणजे बुडण्याआधी मुद्दाम जमिनीवर चढवलं. माणसं वाचली, जहाजही वाचलं. पण नौदलाच्या ताफ्यातलं एवढं बलाढ्य जहाज एका भोकापुढे गुडघे टेकतं, ही लाजिरवाणी गोष्ट होती. आणि हे दुखणं एकाच जहाजाचं नव्हतं. पंख्याच्या बोटींचे पितळी बुश इतक्या लवकर खलास होत होते की लांबच्या सफरीवर पाठवायच्या लायकीच्या त्या आहेत का, असा प्रश्न पडावा.

उत्तर निघालं ते लाकडातून.

जॉन पेन हा ग्रीनिचचा इंजिन बनवणारा, नौदलाचा भरवशाचा माणूस. त्याने वेगवेगळे पदार्थ घेऊन त्यांवर पाण्यात शाफ्ट फिरवून बघितला. या कामात त्याला पेटिट स्मिथची साथ होती. म्हणजे ज्याने भोक पाडायला लावलं, तोच ते निस्तरायलाही हजर. पितळ, इतर धातू, निरनिराळी लाकडं. सगळ्यांत वरचढ ठरलं लिग्नम व्हिटे. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'जीवनाचं लाकूड'. १८५४ मध्ये पेनने पेटंट घेतलं आणि पुढे मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेत निबंध वाचून आपले प्रयोग मांडले.

हे झाड कॅरिबियन बेटांवरचं आणि मध्य अमेरिकेतलं. निळ्या फुलांचं. त्याचं फूल हे जमैकाचं राष्ट्रीय फूल आहे. वाढ अतिशय संथ. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर तळाला जातं. आणि अंगात राळ इतकी की ओलं झालं की साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्याचं नाव जीवनाचं पडलं ते वेगळ्याच कारणाने. सोळाव्या शतकात युरोपात गरमीच्या रोगाने थैमान घातलं होतं आणि या लाकडाचा काढा त्यावर रामबाण मानला जायचा. उलरिक फॉन हुटेन नावाच्या जर्मन सरदाराने १५१९ मध्ये या काढ्याने आपण बरे झालो असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि १५२३ मध्ये त्याच रोगाने गेला. फॉरवर्ड करण्याआधी तपासून बघायची सवय तेव्हाही नव्हती.

औषध म्हणून फसलेलं लाकूड यंत्रात मात्र खरं उतरलं होतं, पेनच्या कितीतरी आधी. समुद्रावर अचूक वेळ दाखवणारं घड्याळ बनवून अमर झालेला जॉन हॅरिसन मुळात सुतार. १७२०च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावर त्याने मोठं घड्याळ बसवलं. त्या काळचं तेल घट्ट होऊन घड्याळं अडकत, म्हणून त्याने घासणारे भाग लिग्नम व्हिटेचे केले. तेल घालायची गरजच नाही. शिडाच्या जहाजांवरच्या कप्प्यांची चाकंही याच लाकडाची असत, आणि एका लढाऊ जहाजाला असे कप्पे शेकड्याने लागत. एकोणिसावं शतक उजाडता उजाडता ते यंत्रावर बनवायचा कारखाना पोर्ट्समथला उभा राहिला. वर्षाला लाखाच्या वर कप्पे तिथून निघत. त्याची यंत्रं योजणारा माणूस होता मार्क ब्रुनेल, म्हणजे 'ग्रेट ब्रिटन' बांधणाऱ्या इसंबार्डचा बाप. त्या चाकांच्या मधोमध पितळी बुश बसवलेला असायचा. लाकूड आणि पितळ यांची जोडी नौदलाच्या डोक्यावर दोरखंडांत टांगलेली होती. ती तळात, शाफ्टच्या भोकात न्यायला पन्नास वर्षं लागली. बाप लेकाला सांगायला विसरला म्हणायचं.

पेनची मांडणी साधी होती आणि त्यामुळेच टिकली. पितळेची नळी घ्यायची. तिला आतून उभ्या खाचा पाडायच्या. खाचांत लिग्नम व्हिटेच्या पट्ट्या सरकवायच्या, नळीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर येतील अशा. शाफ्टवरही पितळेचं आवरण चढवायचं. आता शाफ्ट फक्त लाकडावर टेकतो आणि पट्ट्यांच्या मधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळत राहतं. तेच पाणी वंगण, तेच थंडावा देणार, तेच वाळू धुऊन नेणार. ज्या पाण्याला इतकी वर्षं बाहेर ठेवायची धडपड चालली होती, त्याला पेनने नळीत घरात घ्यावं तसं घेतलं. पुढे आतल्या बाजूला ग्लँड होतीच, बाकीचं अडवायला. आणि पट्ट्या झिजल्या की? बोट सुक्या गोदीत घ्यायची, शाफ्ट काढायचा, जुन्या पट्ट्या सरकवून बाहेर, नव्या आत. शाफ्ट शाबूत, नळी शाबूत.

बुश या वस्तूचं सगळं तत्त्वज्ञान यात आहे. दोन महागड्या वस्तू एकमेकींवर घासणार असतील तर मध्ये एक स्वस्त वस्तू ठेवा आणि तिला झिजू द्या. आपल्या मिक्सरमध्ये, फॅनमध्ये, बाइकच्या स्विंगआर्ममध्ये हेच चाललेलं असतं. मेकॅनिक 'बुश गेलं' म्हणतो तेव्हा आपण तोंड वाकडं करतो. पण ते गेलं म्हणूनच बाकीचं राहिलेलं असतं.

लाकडी बेअरिंग शंभर वर्षांहून जास्त टिकली. जहाजं कोळशावरून तेलावर गेली, लाकडाची लोखंडाची झाली, लोखंडाची पोलादाची. शेपटीत मात्र कॅरिबियनचं लाकूडच. १९५४ साली अमेरिकेने अणुऊर्जेवर चालणारी पहिली पाणबुडी 'नॉटिलस' पाण्यात सोडली. आत अणुभट्टी, आणि शाफ्टच्या बेअरिंगला लिग्नम व्हिटे. मला हे जोडपं फार आवडतं. भविष्यातली गाडी, तिला बैलगाडीचं चाक.

झाडं मात्र तेवढ्या वेगाने वाढत नव्हती. चारशे वर्षं काढा, कप्पे, बेअरिंगा, गोलंदाजीच्या खेळाचे चेंडू यांसाठी तोड चालली होती. एक फूट जाडीचं खोड व्हायला पिढ्या जातात. २००३ पासून या झाडाची सगळी प्रजातच आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या निर्बंधांच्या यादीत आहे.

त्याच्या जागी आलं रबर. गोष्ट अशी सांगतात की १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका खाणीत चार्ल्स शेरवुड नावाच्या इंजिनिअरच्या पंपाचं बेअरिंग वाळूने वारंवार खाल्लं जात होतं. सुटा भाग हाताशी नव्हता म्हणून त्याने रबरी नळीचा तुकडा कोंबला, आणि तो धातूपेक्षा जास्त टिकला. वाळूचा कण धातूला ओरखडतो. रबर त्या कणापुढे दबतं, त्याला लोळत जाऊ देतं आणि पाणी त्याला खाचेतून बाहेर घालवतं. तपशिलात मीठमसाला असेल, पण तत्त्व पक्कं आहे. आज छोट्या-मध्यम बोटींत पितळी नळीत रबराच्या पट्ट्या, असाच बुश सर्रास दिसतो. पेनने बघितला असता तर ओळखला असता.

दोरीचाही वारसदार आला. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडनबर्ग हा चामडं कमावणाऱ्यांचा जुना धंदा. १९२९च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. मग त्यांनी चामड्याच्या चकत्या करून शाफ्टभोवती बसणारे सील बनवायला घेतले. वॉल्टर सिमर या इंजिनिअरने धातूच्या कड्यात चामड्याचा ओठ बसवला. पुढे १९३०च्या दशकातच चामडं जाऊन कृत्रिम रबर आलं. हेच आपलं 'ऑइल सील'. बाइकचा पुढचा शॉकअप तेलाने ओला दिसला की गॅरेजवाला ज्याचं नाव घेतो, तेच. रबराचा एक पातळ ओठ, त्याला मागून आवळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. ओठ शाफ्टला हलकेच टेकलेला असतो आणि तेलाचा अगदी पातळ पापुद्रा मध्ये राहतो. इथे थेंब पडत नाही, पडायला नको. पण पूर्ण कोरडा राहिला तर तोही जळतो. आमच्या विहिरीवरचा नियम इथेही सुटलेला नाही.

ही सगळी वंशावळ एका जागी बघायची असेल तर ती स्टर्नड्राइव्ह नावाच्या प्रकारात दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हौशी लोकांच्या छोट्या मोटरबोटींची लाट आली. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. एक, इंजिन पोटात आणि शाफ्ट तळातल्या भोकातून, म्हणजे स्मिथचा रस्ता. दुसरा, आउटबोर्ड, म्हणजे इंजिनासकट सगळंच बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं. भोकच नाही. पण तेव्हाची आउटबोर्ड इंजिनं तेल ढोसणारी आणि मर्यादित ताकदीची. चार्ली स्ट्रँग आणि जिम विन या दोघा इंजिनिअरांना सुचलं की दोन्ही जोडता येतील. इंजिन मोटारगाडीचं, बोटीच्या आत. आणि मागच्या भिंतीतून बाहेर आउटबोर्डसारखा पाय, जो वळतो आणि वर उचलताही येतो. दोघंही कार्ल कीकहेफरच्या मर्क्युरी कंपनीत होते. मालकाला या कल्पनेत रस वाटला नाही. विन बाहेर पडला, १९५८ मध्ये एका छोट्या आउटबोर्ड बोटीतून अटलांटिक ओलांडून आला, आणि स्वीडनच्या व्होल्वो पेंटाला ही कल्पना दिली. १९५९च्या न्यू यॉर्क बोट शोमध्ये त्यांची 'ॲक्वामॅटिक' मांडली गेली आणि लोक तुटून पडले. मग मर्क्युरीनेही घाईने स्वतःची मर्क्रूझर आणली. शोध नक्की कोणाचा यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

स्टर्नड्राइव्हने तळातलं भोक घालवलं आणि त्याऐवजी पाच-सहा नवी भोकं पदरात घेतली. इंजिनाचा शाफ्ट मागच्या भिंतीतून बाहेर येतो, तिथे रबराचा भाता. पाय डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलतो, म्हणून सांध्यासांध्यात खिळे आणि त्यांचे बुश. शाफ्ट पायात उभा खाली उतरतो, गिअरने काटकोनात वळतो आणि पंख्याकडे जातो. पायाच्या पोटात गिअर ऑइल भरलेलं, बाहेर समुद्र. मध्ये, पंख्याच्या शाफ्टवर, साधारण दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेले. एकाचा ओठ आत तोंड करून तेलाला अडवतो, दुसऱ्याचा बाहेर तोंड करून पाण्याला. तेल बदलताना चहासारखं दुधाळ आलं तर समजायचं की बाहेरचा ओठ हरला.

हे सील बदलण्याचं काम वरवर बघता सोपं. पंखा काढा, जुनं सील उपटा, नवं ठोका. पण अनुभवी मेकॅनिक आधी दोन गोष्टी बघतो. पहिली, पंख्याच्या मागे शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची तार गुंडाळलेली आहे का. ती हळूहळू आत सरकत सीलचा ओठ कापते. ती न काढता नवं सील बसवलं तर पैसे पाण्यात, अक्षरशः. दुसरी, शाफ्ट हातात धरून हलवून बघतो. ढिला लागला तर बेअरिंग किंवा बुश गेलेलं असतं. रबरी ओठ किती डगडग सोसणार? नवं सील महिनाभर चालेल आणि पुन्हा दुधाळ तेल. 'रॉयल अल्बर्ट'चंच दुखणं. गळतं एकीकडे, झिजलेलं असतं दुसरीकडे.

आणि एक गंमत. इतक्या मऊ रबराचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिला की पोलादी शाफ्टवर बारीक खोबण पडते. बोटाचं नख फिरवलं तर लागते. ओठात अडकलेले कण सहाणेसारखं काम करतात. मग नवं सीलही त्या खोबणीत नीट बसत नाही. अशा वेळी शाफ्ट फेकायचा नाही. एकतर सील किंचित पुढे-मागे बसवतात, नाहीतर शाफ्टवर कागदासारख्या पातळ पोलादाची बाही चढवतात. म्हणजे पुन्हा पेनचीच युक्ती. महागाच्या अंगावर स्वस्ताचा अंगरखा.

मोठ्या जहाजांनी दरम्यान वेगळीच वाट धरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले रबरी सील मिळायला लागल्यावर त्यांनी शेपटीची नळी दोन्हीकडून बंद केली आणि आत तेल भरलं. धातूचं बेअरिंग, वर तेल, झीज जवळपास नाही. फक्त बाहेरच्या सीलमधून तेल थोडं थोडं समुद्रात जात राहिलं. एका जहाजाचं थोडं, पण जहाजं हजारो. २०१३ मध्ये अमेरिकेने आपल्या पाण्यात येणाऱ्या मोठ्या जहाजांना अशा ठिकाणी निसर्गात विघटन होणारं वंगणच वापरायची अट घातली. त्यावर काही कंपन्यांनी तेलच नको म्हणून नळी पुन्हा उघडी केली. आत समुद्राचं पाणी, शाफ्टखाली लाकडाऐवजी आधुनिक पॉलिमर. १८५४ चं पेटंट, नव्या मालात.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे दोन महिने कोकणात ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून ठेवतात. रंग, डांबर, इंजिनाची उघडझाप, सगळं याच काळात. यातल्या बहुतेक बोटींना स्टर्नड्राइव्ह नसतो. पोटात डिझेल इंजिन, तळातून शाफ्ट, मागे पंखा. थेट स्मिथची वंशज. अशा एका बोटीखाली उभं राहून मी बघत होतो. मेकॅनिकने दोन्ही हातांनी पंखा धरला आणि वर उचलला. शाफ्ट बुशमध्ये खटकन वाजला. तो तांडेलाकडे बघून फक्त मान हलवून 'गेलं' म्हणाला. शाफ्ट ओढून काढला, जुना बुश ठोकून बाहेर, नवा आत, ग्लँडमध्ये नवी दोरी, वर ग्रीस.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरली. इंजिन चालू झालं, बाहेर फटाके लागले, आणि तांडेल पूजेच्या गर्दीतून निसटून खाली इंजिनाच्या खोलीत उतरला. मोबाइलचा टॉर्च ग्लँडवर धरून उकिडवा बसला. पहिला थेंब पडायला वेळ लागला. त्याने पाना घेऊन नट अर्धा फेरा सैल केला आणि पुन्हा बघत बसला. मग एक पडला. थोड्या वेळाने दुसरा.